बाहेर उघडणारी दारं

मोठ्या बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका दाराशी झटापट करत होत्या. मी नोकरीवर हजर व्हायला आले होते. नगरहून एसटीने राहात्यात उतरून, पुढे जीपने पेरूच्या बागांमधून उडत-आदळत शाळेत पोचले, तर व्हरांड्यात एक उंच, हडकुळ्या बाई पदर खोचून उभ्या होत्या आणि सुताराला म्हणत होत्या, "अजून घासतंय. खाली घासतंय."

मी विचारलं, "मुख्याध्यापिका कुठे बसतात?"

"बसत नाहीत," त्या म्हणाल्या. "नवीन विज्ञानाच्या बाई का तू? पिशवी ठेव. आत जा आणि हे दार बाहेर ढकल. जीव घेऊन ढकल, आत आग लागलीय असं समज."

मी आत गेले. दार लागलं. रिकाम्या वर्गात मी एकटी, आणि बाहेरून त्यांचा आवाज, "ढकल!" मी ढकललं. दार फाटकन उघडलं आणि मी त्यांच्या अंगावर जाऊन पडले. त्यांनी मला सावरलं आणि सुताराला म्हणाल्या, "आता ठीक आहे." माझ्या नोकरीतलं पहिलं काम ते.

शाळेतलं प्रत्येक दार त्यांनी असं बाहेर उघडणारं करून घेतलं होतं. सुतार गावातलाच, तोंडाळ. तो म्हणायचा, "बाई, समद्या जगाची दारं आत उघडत्यात."

"सगळं जग एकाच वेळी बाहेर पळत नाही," बाई म्हणायच्या. "शाळा पळते."

सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणायची, म्हणून मीही म्हणत आले. गळ्यात काळ्या दोऱ्याला शिट्टी, पायात रबरी तळाच्या चपला, हातात काहीच नाही. हात मोकळे हवेत, असा त्यांचा नियम होता. जिन्यावरून जाताना कोणत्याही शिक्षकाने दोन्ही हातांत वह्या धरल्या तर त्या अर्ध्या काढून घेत. जिन्यावर पाणी सांडलेलं दिसलं की पदराने पुसायलाही कमी करत नसत. मुलांनी त्यांचं नाव 'सिग्नल बाई' ठेवलं होतं. कारण शाळा सुटायची घंटा त्यांनी कायमची बंद केली होती. घंटा झाली की सगळे एकदम उठतात, म्हणून. सुटायच्या वेळी त्या जिन्याच्या वळणावर उभ्या राहत आणि हात वर-खाली करून एकेक तुकडी खाली सोडत. दहावीची शेवटची तुकडी बाहेर पडेपर्यंत गावातली गुरंसुद्धा घरी गेलेली असत. पालक कुरकुरायचे, शिक्षक कुरकुरायचे, एसटी चुकायची. बाई जागच्या हलायच्या नाहीत.

शाळेच्या वाढीचा सगळ्यांनाच अभिमान होता. तात्यांना तर फारच. तात्या म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, गावातले मोठे बागायतदार, मोठ्या बाईंचेच जुने विद्यार्थी. संस्थेच्या वर्धापनदिनाला ते माईक हातात घेऊन सांगायचे, की गुळाच्या व्यापाऱ्याच्या गोदामात ही शाळा सुरू झाली. मग गावाने माळावरची गायरानाची जागा दिली. ज्याच्या त्याच्या विहिरीतून निघालेला दगड बैलगाडीने आला, बौद्धवाड्यातल्या तरुणांनी पाया खणला, बायांनी पाणी वाहिलं. पुढे कारखान्यामुळे माणसं वाढली, शिर्डीतली हॉटेलं वाढली तशी कामगारांची पोरं आली, सेमी-इंग्रजी आलं, अकरावी-बारावी आली. अ, ब, क, ड करत तुकड्या पार पुढे गेल्या. खालच्या खोल्यांवर एक मजला चढला, त्यावर दुसरा. "आता तिसरा घेऊ!" तात्या म्हणायचे, आणि मांडव टाळ्यांनी दणाणायचा.

मी पाहिलेल्या पहिल्याच वर्धापनदिनाला त्यांच्यानंतर मोठ्या बाई उठल्या. इतिहास त्यांनीही सांगितला. "गोदामाला एकच दार होतं आणि दारात गुळाच्या ढेपांची थप्पी असायची. मी तिथे पाचवीत होते, माझी जागा सगळ्यांत आत होती. माळावर आलो तेव्हा विहिरीला कठडा नव्हता. मधल्या सुट्टीत आम्ही शिवणापाणी खेळायचो. पहिल्या मजल्याच्या गच्चीला दोन पावसाळे कठडा नव्हता. प्रयोगशाळेच्या खिडकीखालून विजेची तार जायची." "काही झालं नाही," त्या दर वाक्यानंतर म्हणत होत्या. "काही झालं नाही. दरवेळी काही झालं नाही. आता पोरं किती झाली बघा. आणि जिने दोनच आहेत." एवढं बोलून बसल्या. मांडवात टाळी वाजली नाही. माझ्या शेजारी बसलेली एक आई आपल्या मुलीचा हात घट्ट धरून बसली होती, तो कार्यक्रम संपेपर्यंत तिने सोडला नाही.

ती भीती मला कधी लागली ते कळलं नाही. पहिले काही महिने मी त्यांना हसत होते. मग एका दुपारी मधल्या सुट्टीत मी जिना उतरत होते आणि वरून पोरांचा लोंढा आला. रोजचाच. हसणारी, डबे वाजवणारी पोरं. माझे पाय पायरीवरून उचलले गेले आणि काही पायऱ्या मी पायांनी उतरलेच नाही. पोरांनीच मला खाली नेऊन ठेवलं. कुणी ढकललं नव्हतं, कुणाला कळलंही नव्हतं. खाली पोचल्यावर मी भिंतीला टेकून उभी राहिले. मोठ्या बाई वळणावरून माझ्याकडे पाहत होत्या. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीची घंटाही बंद झाली.

त्यांचा सगळ्यांत विचित्र प्रकार म्हणजे 'खाली बसा'. दिवसाच्या कोणत्याही वेळी त्या लांब शिट्टी मारायच्या आणि जो जिथे असेल त्याने तिथेच जमिनीवर बसायचं. वर्गात, मैदानात, नळावर, जिन्यावर. शिक्षकांनीसुद्धा. एकदा तपासणीला विस्तार अधिकारी आले होते, पांढरीशुभ्र पँट घालून. ते जिन्यात असताना शिट्टी झाली. आजूबाजूची सगळी पोरं बसली, साहेब तेवढे उभे. बाई वरून म्हणाल्या, "साहेब, खाली." साहेब बसले. चहा घेताना त्यांनी जरा चिडूनच विचारलं, की या प्रकाराचा फायदा काय?

"बसलेलं पोर तुडवलं जातं," बाई म्हणाल्या. "पण सगळीच बसली तर तुडवणार कोण?"

आणि कड्या. वर्गांच्या दारांना बाहेरून कडी नव्हती, बाईंनी काढून टाकली होती. एके वर्षी आठवीच्या दोन टारगट पोरांनी शाळा सुटताना सहावीच्या वर्गाला बाहेरून कडी घातली आणि घरी निघून गेली. आत मागे राहिलेल्या चार-पाच मुली होत्या. वर्ग नव्या इमारतीच्या टोकाला. संध्याकाळी एकीची आई शोधत आली तेव्हा दार उघडलं. मुली धडधाकट होत्या. पण बाई मला म्हणाल्या, "मी गेले तेव्हा त्या ओरडत नव्हत्या गं. ओरडायच्या थांबल्या होत्या. गप्प बसल्या होत्या कोपऱ्यात." दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या निघाल्या. प्रत्येक दारावर स्क्रूची चार भोकं तेवढी राहिली.

हे सगळं आम्ही वेड म्हणून सांगायचो. लग्नकार्यात, एसटीत, पाहुण्यांना. मग तो हिवाळा आला.

ऊसतोड चालू होती. ऊस तुटला की बिबट्याला लपायला जागा राहत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. त्या दिवसांत कुणाची शेळी गेली, कुणाचं कुत्रं गेलं, असं रोज ऐकू यायचं. पोरं सायकलवर घोळक्याने यायची. पण शाळेत, दिवसाढवळ्या, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पहिला तास चालू होता. मी खालच्या मजल्यावर आठवीला शिकवत होते. शेजारचा चित्रकलेचा हॉल रिकामा होता. बाहेर धप्पकन दार लागल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ मामांचा. मामा म्हणजे आमचे शिपाई. त्यांचा आवाज एरवी सगळ्या माळावर ऐकू जायचा, पण तेव्हा अगदी बारीक झाला होता.

"बाई... ओ बाई, इकडं या."

मी बाहेर आले. मामा हॉलच्या दाराला खांदा लावून उभे होते. एक हात दारावर वर-खाली फिरत होता, भिंतीवर चाचपडल्यासारखा.

"बिबट्या हाय आत," ते म्हणाले. "म्या दार लोटलं. कडी कुठं हाय? बाई, कडी कुठं हाय?"

कडी नव्हती. आणि दार बाहेर उघडणारं होतं. आतून कुणी ढकललं की उघडेल असं, मोठ्या बाईंनी मुद्दाम करून घेतलेलं. मी काय विचार केला ते मला आठवत नाही. मी मामांच्या शेजारी पाठ लावून उभी राहिले, एवढंच आठवतं. मग पलीकडून काहीतरी दारावर आदळलं. माझ्या दातांपर्यंत तो दणका गेला.

मोठ्या बाई कुठून आल्या कळलं नाही. समोर येऊन उभ्या राहिल्या. मामांनी तोंडाने नुसता आकार केला, 'बिबट्या'. बाईंची नजर दारावर गेली, त्या चार भोकांवर थांबली. मग माझ्याकडे वळली. एखाद्या लहान मुलाच्या हातून काच फुटावी आणि त्याने वर बघावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाहिलं असावं. "बिबट्या! बिबट्या आला!" अशी किंकाळी आली आणि बाकं सरकल्याचा, धावल्याचा आवाज छतावरून गडगडत जिन्याकडे निघाला.

बाईंनी शिट्टी तोंडाला लावली. इतकी लांब शिट्टी मी कधी ऐकली नव्हती.

गडगडाट थांबला. खरं सांगते, एवढ्या मोठ्या शाळेत इतकी शांतता मी नंतरही कधी अनुभवली नाही. जिना मला माझ्या जागेवरून दिसत होता. वरच्या वळणापासून खालच्या पायरीपर्यंत पोरं बसली होती. एकमेकांच्या पाठीला छाती लावून, श्वास रोखून. आणि त्या शांततेत माझ्या पाठीमागे, दाराच्या फळीपलीकडे, ते जनावर धापा टाकत होतं. ते ऐकू येत होतं. ओल्या गोणपाटासारखा त्याचा वास दाराच्या फटीतून येत होता.

बाईंनी ऑफिसातल्या कारकुनाला खुणेने बोलावलं, वन खात्याला फोन करायला सांगितलं. मग त्या आमच्या मध्ये येऊन दाराला पाठ लावून बसल्या. तिघं झालो. "दोन्ही पाय रोव," त्या मला म्हणाल्या. "बोलू नकोस. आपण बोलायचं नाही."

वन खात्याची गाडी यायच्या आधी गाव आलं. कुणाच्या तरी खिशात मोबाईल होता. गावाच्या ग्रुपवर काय गेलं असेल देव जाणे, पण थोड्याच वेळात माळावरून मोटरसायकली येताना ऐकू आल्या. दहा, वीस, मग मोजता येईनात. गेटला कुलूप होतं. ते तुटल्याचा आवाज आला. आणि हातांत काठ्या, कोयते घेऊन माणसं व्हरांड्यात घुसली. पुढे तात्या. त्यांची मुलगी दुसऱ्या मजल्यावर नववीला होती. ते जिन्याकडेच धावत होते, त्यांच्यामागे सगळं गाव. जिन्यावर पायरीपायरीला पोरं बसलेली.

बिबट्याचा आता विसर पडला होता. ही माणसं चढली की खालची पोरं चेंगरणार आणि वरची त्यांच्या अंगावर येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. कारण ते मला या बाईंनी गेली काही वर्षं रोज दाखवलं होतं.

बाई उठल्या. जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. हात मोकळे. शिट्टी मारली नाही.

"खाली बस," त्या तात्यांना म्हणाल्या.

"बाई, बाजूला व्हा! माझी पोरगी हाय वर!"

"माहीत आहे. खाली बस."

"बाई, आईची आन हाय, सरका!"

तात्यांच्या हातात कोयता होता. बाईंनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि ज्या आवाजात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात म्हणाल्या असतील त्याच आवाजात, त्यांचं घरातलं नाव घेऊन म्हणाल्या, "तू बसलास तर हे सगळे बसतील. नाही बसलास तर तुझ्याच पोरीच्या अंगावरून जातील. बस."

तात्या बसले. त्यांच्यामागचा बसला, त्याच्यामागची बाई बसली. व्हरांडाभर, पार गेटपर्यंत, धोतरं, साड्या, जीन्स, काठ्या, कोयते, सगळं गाव जमिनीवर बसत गेलं. बहुतेकांनी या शाळेत दिवस काढले होते. शिट्टीशिवाय त्यांना आठवलं.

त्याच वेळी आतून धक्का बसला. बाई उठल्यामुळे दाराला आम्ही दोघंच होतो. दार वीतभर उघडलं. फटीतून पंजा आला, पिवळा, मोठा, आणि मामांच्या दंडावरून खाली ओढला गेला. मामा ओरडले नाहीत. मला म्हणाले, "दाबा, बाई. दाबा." मी दाबत होते आणि दार माझ्यासकट सरकत होतं.

तात्यांनी ते पाहिलं. उठायची त्यांची हिंमत होईना, कारण उठले तर मागचे उठणार. ते बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत, हातांनी स्वतःला ओढत दारापर्यंत आले आणि पाठ लावली. त्यांच्यामागून आणखी दोघं तसेच सरकत आले. मग आणखी. दार बंद झालं. एरवी ते दृश्य बघून हसू आलं असतं. मी रडत होते.

वन खात्याच्या लोकांनी झरोक्यातून भुलीचं इंजेक्शन मारलं. ते जनावर निपचित पडल्यावर जाळ्यात घालून पिंजऱ्यात नेलं. मादी होती, तरुण. मग बाईंनी जिन्याच्या वळणावर उभं राहून शाळा सोडली. एकेक तुकडी, रोजच्यासारखी. त्या दिवशी कुणीही कुरकुरलं नाही. बहुतेक पोरांनी बिबट्या पाहिलासुद्धा नाही. मामांच्या हाताला टाके पडले, पुढे दोन बोटं नीट वळेनाशी झाली.

गावाने बाईंचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भाषणं. आणि त्याच सभेत मागून एक पालक उठला. "बाईंचं उपकार हायेतच. पन दाराला कडी आसती तर मामाचा हात वाचला आसता. कड्या कुनी काढल्या?"

तात्या त्याला गप्प करायला उठले. बाईंनी त्यांना थांबवलं.

"मी काढल्या," त्या म्हणाल्या. "हात वाचला असता, हे खरं आहे."

सुतार पुन्हा आला तेव्हा त्या कितीतरी वेळ हॉलच्या दारासमोर उभ्या होत्या. सुतार कड्यांची पिशवी घेऊन वाट बघत होता. कधी कुणाला न विचारणाऱ्या त्या बाई मला म्हणाल्या, "लावू का गं? तू सांग." मी त्या चार भोकांकडे बघत राहिले. शेवटी कड्या लागल्या. पण उंच, मोठ्या माणसाचाच हात पोचेल अशा जागी. त्यावरही त्यांचं समाधान झालं नाही. रोज शाळा सुटल्यावर त्या प्रत्येक वर्ग उघडून आत डोकावू लागल्या.

निवृत्त होऊन त्या नगरला भाचीकडे राहायला गेल्या. मी अधूनमधून जाते. तळमजल्यावरचं घर आहे, अर्थातच. मागच्या दिवाळीत गेले तेव्हा बऱ्याच थकलेल्या दिसल्या. चहा घेता घेता आपणहून बोलल्या.

"मी सगळी नोकरी एकाच आशेवर केली," त्या म्हणाल्या. "मी वेडी ठरावं. लोकांनी म्हणावं, बाई उगाच घाबरायच्या, काही झालं नाही. रिटायर होताना सगळ्यांनी हसावं. तेवढंच पाहिजे होतं मला."

मी म्हटलं, "पण तुमच्यामुळे पोरं वाचली."

"पोरं वाचली. पण मला बिबट्याचा कधी विचारच आला नव्हता बघ. तीस वर्षं मी रोज बसून विचार केला काय काय होऊ शकतं, आणि जे झालं ते त्यात नव्हतंच. दारं मीच तशी करून ठेवली होती." त्यांनी कप खाली ठेवला. "मग अजून काय काय माझ्या लक्षात आलं नसेल?"

मी विषय बदलला. मला पर्यवेक्षक केल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, खूश झाल्या की नाही कळलं नाही.

"तिसरा मजला?" त्यांनी विचारलं.

"झाला. जूनपासून वर्ग भरतात. तिसरा जिनाही झाला, तात्यांनी हट्टाने करून घेतला."

"तू चढलीस वर?"

"चढले."

"पोरं असताना?"

"हो. सुटायच्या वेळी मीच उभी असते."

त्या पुढे झुकल्या. माझा चेहरा त्यांनी नीट निरखला, जणू तिथे काही शोधत होत्या.

"भीती वाटते?"

"खूप," मी म्हटलं. "रोज."

त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. एवढ्या वर्षांत मी त्यांना खुर्चीला पाठ टेकलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.